उपकारातून हक्काकडे

४ जून १९१३ रोजी भीमराव रामजी आंबेडकर या बावीस वर्षांच्या तरुणाने बडोदे संस्थानाशी एक करार केला. अमेरिकेतील अध्ययनासाठी दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असे त्याचे स्वरूप होते. बाबासाहेबांच्या विद्वत्तेचा गौरव आपल्याकडे वारंवार होतो. ती विद्वत्ता ज्या अटींच्या चौकटीत वाढली, तिची चर्चा मात्र अपवादानेच होते. परदेशी शिष्यवृत्तीसाठी धडपडणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या शिक्षकाने ती चौकट अवश्य न्याहाळावी.

शिष्यवृत्ती मिळण्याआधी ती आहे हे कळावे लागते. भीमरावांचे वाचनाचे वेड हेरले ते कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या या विद्यार्थ्याला त्यांच्याच खटपटीमुळे पुढे महाविद्यालयात असताना सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपये मिळू लागले. पदवीनंतर भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू होतात न होतात तोच, फेब्रुवारी १९१३ मध्ये, सुभेदार रामजी निवर्तले. संस्थान काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठवणार असल्याचे समजताच भीमरावांनी मुंबईत महाराजांची भेट घेतली व अर्ज केला. गुणवत्ता त्यांच्यापाशी होतीच. परंतु तिच्या जोडीला जाणता शिक्षक आणि वेळेवर मिळालेली वार्ताही होती.

त्या काळी चाकूर निजामाच्या राज्यात होते. हैदराबादचे सरकारही परदेशी शिक्षणास साहाय्य देत असे. १८९५ साली सरोजिनी नायडू इंग्लंडला गेल्या त्या निजामाच्याच शिष्यवृत्तीवर. पण त्यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय राजधानीतील नामांकित शिक्षणतज्ज्ञ होते. दूरच्या मराठी मुलखातील शेतकऱ्याच्या वा मजुराच्या मुलापर्यंत अशी वार्ता कोणी पोहोचवावी?

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. विद्यावेतनातील काही भाग ते घरी धाडीत आणि उरलेल्यात पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ विकत घेत. १९१५ साली ते एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला आणि हिंदुस्थानच्या अर्थकारणावरील प्रबंधही सिद्ध केला. प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या अर्थशास्त्रज्ञांच्या नावे शिफारसपत्र दिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोहोंकडे प्रवेशही मिळाला. परंतु १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून परतणे भाग पडले.

तथापि निघण्यापूर्वी त्यांनी एक दूरदर्शी गोष्ट केली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची अनुज्ञा त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. वरवर पाहता ही कारकुनी बाब. पण पुढचे सारे त्या एका कागदावर अवलंबून राहिले.

परतीच्या वेळी त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. ती बोट महायुद्धात बुडाली आणि तिच्याबरोबर ग्रंथही गेले. सामानाच्या भरपाईपोटी टॉमस कुक कंपनीकडून आलेल्या ६०० रुपयांतून बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली. बडोद्यात काय घडले ते सर्वश्रुत आहे. कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकीत. पारशी वसतिगृहातून त्यांना लाठीधारी जमावाने बाहेर काढले. दहा वर्षांचा करार काही दिवसांतच निरर्थक ठरला. करारात विद्यार्थ्याची कर्तव्ये नोंदलेली होती. त्याला राहायला घर मिळेल की नाही, याविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.

नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयात ४५० रुपये पगारावर त्यांनी अध्यापन केले. त्यातली शिल्लक, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे पाच हजारांचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये, अनुज्ञेच्या मुदतीत, लंडनला परतले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादिल्या. कोलंबियातील प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला तेव्हा त्यांनी तो सयाजीरावांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला.

परंतु राजाच्या औदार्यावर सर्वांचे भागत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तरतुदीची मागणी केली. तीत परदेशी शिक्षणाचाही समावेश होता. तीन लाख रुपये मंजूर झाले, आणि जे महाराजांच्या मर्जीवर मिळत होते ते अंदाजपत्रकातील हक्काची बाब बनले. हा बदल त्यांच्या कोणत्याही पदवीहून थोर म्हटला पाहिजे. १९५० मध्ये औरंगाबादेस त्यांच्या संस्थेचे महाविद्यालय निघाले, तेव्हा मराठवाड्यातील मुलांसाठी पहिली पायरी जवळ आली.

आज केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. अर्ज संगणकावर भरावयाचा असतो. विद्यापीठाचे प्रवेशपत्र, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रे, उत्पन्नाचा दाखला, यांची जुळवाजुळव करण्यातच कित्येक महिने जातात. चाकूरच्या पदवीधराला ती मुंबई-पुण्याच्या पदवीधराइतकी सुकर नाही. ज्याने असे शिफारसपत्र कधी पाहिलेच नाही, अशा प्राध्यापकाकडे ते मागण्याचाही संकोच वाटतो. महाविद्यालयांनी एखाद्या जाणत्या शिक्षकावर हे काम अधिकृतपणे सोपवावयास काय हरकत आहे? केळुसकरांनी ते कोणी न सांगता केले होते.

आणि अटींचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या नियमावलीत नवे बंधन आले: भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. मे १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध या कलमाखाली अपात्र ठरला असता.