ग्रेगर मेंडेल : परीक्षेत नापास झालेला संशोधक शिक्षक



आनुवंशिकतेचे जनक म्हणून मेंडेल आपल्याला माहीत आहेत. पण ते आपल्यासारखेच शिक्षक होते आणि शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत नापास झाले होते, हे मुलांना आवर्जून सांगा.

मेंडेल यांचा जन्म १८२२ साली तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या एका खेड्यात झाला. घरी शेती आणि फळझाडं. वडिलांकडून ते कलमं करायला शिकले. परिस्थिती बेताचीच. धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्यातला वाटा दिला, म्हणून पुढचं शिक्षण झालं. १८४३ मध्ये ते ब्रनो शहरातल्या मठात दाखल झाले. हे शहर आज चेक प्रजासत्ताकात आहे.

१८५० मध्ये ते पात्रता परीक्षेत नापास झाले. मग दोन वर्षं व्हिएन्ना विद्यापीठात शिकले. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसले, तेव्हाही यश आलं नाही. शाळेत ते कायम बदली शिक्षकच राहिले. पण त्याच वर्षी त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग सुरू केले बरं का!

कळी उमलायच्या आधीच चिमट्याने पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या झाडाचे परागकण लावायचे. किड्यांमुळे घोळ होतोय का, हे तपासायला काही कुंड्या त्यांनी काचेच्या हरितगृहात ठेवल्या. आठ वर्षांत हजारो झाडं वाढवली आणि एकेक दाणा मोजला. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल! दुसऱ्या पिढीत मात्र ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळपास ३:१. सुरकुतलेपणा नाहीसा झाला नव्हता, तो फक्त लपला होता.

आज आपल्याकडे पॉलीहाऊसमध्ये ढोबळी मिरची घेणारा शेतकरी दरवेळी नवीन संकरित बी आणतो. त्याच पिकाचं घरी धरलेलं बी लावलं, तर झाडं एकसारखी येत नाहीत. कारण तेच! लपलेले गुण पुढच्या पिढीत वेगळे होऊन बाहेर येतात.

१८६५ मध्ये मेंडेल यांनी हे काम ब्रनोतल्या अभ्यासकांपुढे वाचलं, पुढच्या वर्षी ते छापूनही आलं. पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८८४ मध्ये ते वारले. १९०० साली तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तेच नियम शोधले आणि मग जगाला मेंडेल कळले.

आता एक उपक्रम. मुलांना दोन नाणी एकदम उडवायला सांगा, शंभर वेळा. एक तरी छापा आला तर 'गोल', दोन्ही काटे आले तर 'सुरकुतलेला'. नोंद वहीत करा. साधारण ३:१ येईल. गुणपत्रिकेत मागे असलेलं एखादं मूल इथे मन लावून मोजताना दिसलं, तर त्याला मेंडेल यांची ही गोष्ट नक्की सांगा.