तपोवनचे दाजीसाहेब पटवर्धन



अमरावतीचं तपोवन वऱ्हाडात बहुतेकांना ठाऊक आहे. पण ते उभं करणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन आपल्या मुलांना माहीत आहेत का? आजचा पाठ त्यांच्यावर.

लोक त्यांना दाजीसाहेब म्हणत. जन्म १८९२ चा, कर्नाटकातल्या जमखंडी भागातला. होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणून ते अमरावतीत आले आणि इथलेच झाले. त्या काळी कुष्ठरोग म्हणजे मागच्या जन्मीचं पाप, नाहीतर खानदानातला दोष असा समज होता. घरात एकाला झाला की भावंडांची लग्नं अडायची. म्हणून लोक रोग लपवायचे. लपवला की तो वाढायचा, हातपाय वाकडे व्हायचे आणि शेवटी माणूस घराबाहेर!

दाजीसाहेबांनी १९४६ मध्ये गावाबाहेर जगदंबा कुष्ठनिवास सुरू केलं. तेच आपलं तपोवन. तिथे रुग्णाला नुसता आसरा नव्हता, शेती, हातमाग, सुतारकाम अशी कामंही होती. भीक मागणारा हात कमावता झाला. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ७ मे १९८६ रोजी ते गेले.

खानदानी दोषाच्या समजाला विज्ञानाने तर कधीच धक्का दिला होता. १८७३ मध्येच नॉर्वेच्या हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधला होता. हा जंतू पक्का परजीवी. शरीराच्या पेशीतच जगतो, प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाही. २००१ मध्ये त्याची संपूर्ण जनुकीय मांडणी वाचली गेली, तीही तमिळनाडूतल्या एका रुग्णाकडून मिळालेल्या जंतूवरून. कामाची जनुकं सुमारे १,६०० आणि निकामी झालेली १,१०० हून जास्त! पुढे २००५ मध्ये जगभरचे नमुने ताडून पाहिले, तर त्यांच्यात फरक अगदीच थोडे निघाले. ढोबळमानाने चारच प्रकार.

मग एकाला एखादाच चट्टा आणि दुसऱ्याच्या अंगभर रोग, असं का? कारण मुख्यतः ज्याच्या-त्याच्या शरीराच्या प्रतिकारशक्तीत आहे. बहुतेकांना तर हा रोग होतच नाही. यात पाप नाही की खानदान नाही. अकोल्याचा रुग्ण असो की ब्राझीलचा, जंतू जवळजवळ तोच आणि औषधंही तीच. जंतूने माणसामाणसांत भेद केला नाही, तो आपण केला. दाजीसाहेबांनी तो भेद जनुकं वाचली जाण्याच्या कितीतरी आधीच मोडला.

आता आपलं काम. वर्गात एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर चारचौघांत बोलू नका. पालकांना बाजूला घेऊन सांगा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. सहा महिने किंवा वर्षभराच्या उपचाराने रोग बरा होतो. वेळेवर गेलं तर व्यंगही टळतं. आणि औषध सुरू असलेल्या मुलाला शाळेतून घरी बसवू नका. तपोवनचा धडा शिकवायचा तर तो आधी आपणच पाळू या.