सत्तेच्या सावलीबाहेर : संत जोसेफ वाझ

सोळाव्या शतकात ख्रिस्ती धर्म गोव्यात रुजला तो पोर्तुगीज सत्तेच्या सोबतीने. आरमार, राजाश्रय आणि चर्च यांची वाट येथे एकच होती. धनाचा आणि अधिकाराचा मोह सोडण्याची शिकवण देणारा धर्म राजसत्तेचा हात धरून आला, ही विसंगती इतिहासाने नोंदविली आहे. पुढे याच भूमीतील एका धर्मगुरूने सत्तेचा कोणताही आधार न घेता परक्या देशात धर्मसेवा केली. ते संत जोसेफ वाझ होत.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीत, आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घराणे प्रतिष्ठित होते. १६७६ मध्ये त्यांनी गुरुदीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी सांकवाळच्या चर्चमध्ये स्वतःला मातृदेवता मारियेचा दास म्हणून लेखी वाहून घेतले. दास हा शब्द त्यांच्यासाठी केवळ भक्तीचा अलंकार नव्हता. पुढचे सारे आयुष्य त्यांनी त्याच नात्याने काढले.

त्या काळी युरोपीय धर्मसंघांची दारे स्थानिक धर्मगुरूंना जवळजवळ बंदच होती. कानडा प्रांतातील कार्य आटोपून परतल्यावर वाझ जुन्या गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंच्या एका लहानशा समूहात सामील झाले. १६८५ मध्ये या समूहाला ओरेटरी संघाचे रूप आले आणि प्रमुखपद वाझ यांच्याकडे चालून आले. मात्र त्यांचे मन श्रीलंकेकडे लागले होते.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५८ मध्ये जाफना जिंकून पोर्तुगिजांना त्या बेटावरून घालवून दिले होते. कंपनीने कॅथलिक पंथावर बंदी घातली, धर्मगुरूंना हाकलले. सत्ता गेली आणि तिच्या सावलीत उभी असलेली धर्मव्यवस्थाही कोसळली. सुमारे तीन दशके तेथील कॅथलिक कुटुंबे धर्मगुरूंवाचून होती.

१६८६ मध्ये वाझ गोव्याहून निघाले आणि १६८७ मध्ये जाफन्यात पोहोचले, ते मजुराच्या वेषात, अनवाणी. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. ती माळ पाहून ज्यांचे डोळे पाणावत, ते आपले, अशी त्यांची पारख होती. दिवसा लपायचे आणि रात्री गुप्तपणे मिस्सा अर्पण करायची, असा क्रम होता. कंपनीचा पाठलाग वाढला तेव्हा ते कँडीच्या बौद्ध राज्याकडे वळले.

१६९२ मध्ये ते कँडीत पोहोचले; पण पोर्तुगिजांचा हेर ठरवून त्यांना कैदेत टाकण्यात आले. ज्या सत्तेपासून ते दूर राहिले, तिचाच संशय त्यांच्यावर आला. त्यांचे साधे वागणे पाहून राजा विमलधर्मसूर्य दुसरा याचा संशय हळूहळू निवळला. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजासह दरबार शहर सोडून गेला, आप्तांनी रुग्णांना रानात टाकले. वाझ आणि त्यांचे सहकारी मात्र मागे राहिले. धर्म न विचारता त्यांनी रुग्णांना निवारा दिला, अन्नपाणी दिले, मृतांना मूठमाती दिली. साथ ओसरल्यावर राजाने त्यांना राज्यात मुक्तपणे कार्य करू दिले. शस्त्रबळाने जे मिळाले नसते, ते सेवेने मिळाले.

पुढे पोपचे प्रतिनिधी म्हणून भारतात आलेल्या दी तूर्नों यांनी त्यांना बिशपपद देण्याचा विचार मांडला. वाझ यांनी ते नाकारले. अधिकार वाईट म्हणून नव्हे, तर गावोगाव पायी फिरणाऱ्या सेवकाला त्याचे ओझे होईल म्हणून हा नकार असावा, असे त्यांच्या एकूण जीवनावरून वाटते.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांचे निधन झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद बहाल केले.

ज्या कंपनीने त्यांचा पाठलाग केला, तिची श्रीलंकेतील सत्ता १७९६ मध्ये संपुष्टात आली. गोव्याहून अनवाणी गेलेल्या त्या धर्मगुरूने पुन्हा उभी केलेली श्रद्धा मात्र त्या बेटावर आजही नांदते आहे. तिच्यामागे ना तिजोरी होती, ना तलवार.