गिरणीतल्या गरोदर बायांची लुसीबाई

मैत्रिणींनो, टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत चक्कर आली की आपण पित्तावर ढकलून मोकळ्या होतो. पण कधी कधी मूळ रक्तात असतं!

हेच कोडं सोडवायला डॉ. लुसी विल्स १९२८ साली इंग्लंडहून मुंबईला आल्या. जन्म १८८८चा. आधी वनस्पतिशास्त्र शिकल्या, मग डॉक्टर झाल्या. मुंबईत गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडून दगावत. या आजाराला तेव्हा गरोदरपणातला पर्निशस ॲनिमिया म्हणत. लुसीबाईंनी त्यांचं खाणंपिणं तपासलं, यीस्टचा स्वस्त अर्क दिला आणि बायका सावरल्या! १९३१ साली त्यांनी हे जगापुढे मांडलं. अर्कातला गुण फॉलिक ॲसिडचा, हे पुढे कळलं. १९६४ साली त्या गेल्या.

खऱ्या पर्निशस ॲनिमियात मात्र जठरातलं आम्ल आटतं, बी-१२ अंगी लागत नाही. पोट जड होतं, जीभ लाल होते, हातापायांना मुंग्या येतात. तिथे नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, पण नसांची हानी चालूच राहते. बी-१२च लागतं, बहुधा इंजेक्शनने.

तेव्हा पित्ताच्या गोळ्या मनाने घेत राहू नका. डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्याच!