नेटमधला डावखुरा

बुमराहला एखाद्या टेस्टला विश्रांती दिली की तुमच्या ग्रुपवर ‘वर्कलोड’ची चर्चा सुरू होते. बॉलरच्या खांद्याला किती झेपतं, हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये माइक मार्शल हा पिचर, म्हणजे तिकडचा बॉलर, १९७४ च्या एकाच हंगामात १०६ सामन्यांत खेळला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. पण राबणाऱ्या बॉलरची गोष्ट ऐकायला इतक्या लांब कशाला जायचं? आपल्याकडे बाळू पालवणकर होऊन गेले.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घर चर्मकार समाजातलं, त्या काळी अस्पृश्य मानलेलं. पुण्यात पारशांच्या क्लबमध्ये त्यांना पहिली नोकरी मिळाली. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि कधीमधी बॉलिंग टाकायची. पगार महिना ३ रुपये. १८९२ मध्ये ते गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये गेले, तिथे ४ रुपये झाले. कॅप्टन ग्रेग या नामांकित बॅट्समनला ते नेटमध्ये तासन् तास बॉलिंग टाकायचे. ग्रेग आउट झाला की बाळूंना आठ आणे द्यायचा, असं सांगतात. त्या नेटमध्ये बाळूंची डावखुरी फिरकी तयार झाली. बॅट मात्र त्यांच्या हातात कुणी दिली नाही. बॅटिंग साहेबांची, बॉलिंग नोकराची, असा तो हिशेब होता.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला विकेट हव्या होत्या, म्हणून बाळूंना घेतलं. मैदानात सगळे त्यांनी टाकलेल्या चेंडूला हात लावायचे, पण चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात चहा पीत. विचार करा, ज्याच्या जिवावर मॅच जिंकायची, त्यालाच बाहेर उभं करायचं! नंतर ते मुंबईला गेले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या विजयात बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम, दोघेही होते.

मग आला १९११ चा इंग्लंड दौरा. कप्तान पतियाळाचे महाराज. एकूण २३ सामने, त्यात जिंकले फक्त ६, हरले १५. अशा हरणाऱ्या संघाकडून पस्तिशीतल्या बाळूंनी ११४ विकेट काढल्या. प्रथम श्रेणीच्या कारकिर्दीत ३३ सामन्यांत १७९ विकेट, सरासरी १५.२१. तरीही हिंदू संघाचं कप्तानपद जातीमुळे त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये. म्हणजे दार उघडलं, पण ज्याने ते ठोठावलं त्याच्यासाठी नाही.

तरुण बाबासाहेबांना बाळूंचा फार अभिमान होता. पुढे स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर दोघांचे रस्ते वेगळे झाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. ज्याचा अभिमान वाटतो, त्याच्याशी मतभेदही असू शकतात, हेही यातून घेण्यासारखं आहे. १९५५ मध्ये बाळू गेले.

आता तुमच्या कॉलेजचं ग्राउंड आठवा, नांदेडचं असो की लातूरचं. तिथेही असा एखादा पोरगा असतोच. सगळ्यांच्या आधी येतो, मॅट अंथरतो, टीममधल्या प्रत्येकाला बॉलिंग टाकतो आणि ‘मला पण बॅटिंग द्या की’ म्हणायला लाजतो. त्याच्या ओव्हर कुणी मोजत नाही, टीमची यादी लागते तेव्हा त्याचं नाव कुणाला आठवत नाही. उद्या नेटमध्ये गेलात की आधी त्याच्या हातात बॅट द्या आणि बॉलिंग तुम्ही टाका. आणि मॅचनंतर चहा प्यायला बसाल, तेव्हा त्यालाही शेजारी बसवा.