यंत्राला शब्द शिकवणाऱ्या ग्रेसबाई

संगणकाची भाषा म्हटलं की आपण दोन पावलं मागे सरतो. ते काम गणितात हुशार असणाऱ्यांचं, असं मनात पक्कं बसलेलं असतं. पण ही भाषा साध्या शब्दांत असावी म्हणून वर्षानुवर्षं भांडली ती एक बाईच, अमेरिकेच्या नौदलातल्या ग्रेस हॉपर.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांच्या असताना, गजराचं घड्याळ चालतं कसं हे बघायला त्यांनी घरातली सात घड्याळं खोलून ठेवली. मग आईनं एकाच घड्याळावर प्रयोग करायची मुभा दिली! पुढे १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट मिळवली, व्हासर कॉलेजात शिकवलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, वय ३७ आणि वजन नियमापेक्षा १५ पौंड कमी, तरी खास परवानगी मिळवून त्या नौदलात गेल्या. १९४४ मध्ये हार्वर्डला ५१ फूट लांबीच्या मार्क वन या गणकयंत्रावर त्यांची नेमणूक झाली.

तेव्हा यंत्राला सगळं आकड्यांत सांगावं लागे. ग्रेसबाईंचं म्हणणं, व्यापार सांभाळणाऱ्या माणसांना चिन्हं नकोत, शब्द हवेत. संगणक फक्त हिशेब करतो, त्याला शब्द कसे कळणार, असं त्यांना ऐकवलं गेलं. त्या हटल्या नाहीत. १९५० च्या दशकात त्यांच्या गटानं इंग्रजी शब्दांची ‘फ्लो-मॅटिक’ भाषा तयार केली.

नुसते शब्द देऊन मात्र भागत नाही. आपल्या बचत गटाची वही आठवा. रकमेच्या रकान्यात कुणी नाव लिहिलं तर बेरीज कशी होणार? म्हणून कुठल्या रकान्यात आकडा आणि कुठल्यात अक्षरं, हे आधी ठरवावं लागतं. गटात दोन सुनीता असल्या की आपण पाटलांची सुनीता, शिंद्यांची सुनीता म्हणतो. यंत्रालाही तसंच लागतं. फ्लो-मॅटिकमध्ये मालाचं वर्णन वेगळं लिहायचं आणि काम वेगळं. साठ्याच्या यादीतही वस्तूचा क्रमांक, किमतीच्या यादीतही तोच, म्हणून प्रत्येक नावापुढे ते कुठल्या यादीतलं याची खूण लावायची.

१९५९ मध्ये व्यापारासाठी एकच सामाईक भाषा ठरवायला मंडळी जमली, तेव्हा खूप वाद झाले. बेरीज-गुणाकार शब्दांत लिहायचे की सूत्रात, यावरही! शेवटी दोन्हींना जागा मिळाली आणि ‘कोबोल’ जन्मली. ती समितीनं घडवली, जीन सॅमेट यांच्यासारख्या स्त्रियाही त्यात होत्या. ग्रेसबाई सल्लागार होत्या आणि पाया बराचसा फ्लो-मॅटिकचा होता. १९६० च्या डिसेंबरात एकच कोबोल कार्यक्रम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. विद्वानांनी या भाषेवर सडकून टीका केली, पण बँका आणि सरकारी कचेऱ्यांनी ती उचलून धरली.

रकाना आखताना केलेली काटकसर किती महाग पडते, हेही याच भाषेनं दाखवलं. यंत्रातली जागा वाचवायला अनेकांनी वर्षासाठी दोनच आकडे ठेवले होते. २००० साल जवळ आलं तशी घाबरगुंडी उडाली, कारण ‘००’ म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कसं कळावं? जगभरचे जुने कार्यक्रम तपासावे लागले. आपल्याकडच्या कितीतरी मुलामुलींना त्यातूनच सॉफ्टवेअरमध्ये काम मिळालं.

ग्रेसबाई १९६६ मध्ये निवृत्त झाल्या, पण पुढच्याच वर्षी नौदलानं त्यांना परत बोलावलं. १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

घरातली मुलगी संगणक शिकायचं म्हणाली, तर तिला ग्रेसबाईंची गोष्ट जरूर सांगा. आणि तिनं घड्याळ खोललं, तर लगेच ओरडू नका!