स्वतःचे मुख रेखाटणारा चित्रकार : व्हिन्सेंट व्हॅन गॉग

यंदा वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी चित्रकलेच्या तासाला संगणकावर स्वतःची चित्रे काढली. प्रत्येकाने एका थोर चित्रकाराची धाटणी पुढे ठेवावी, अशी योजना होती. पुष्कळांनी व्हिन्सेंट व्हॅन गॉग निवडला. चित्रे रंगीत झाली. परंतु बहुतेकांनी आपला वर्ण उजळ करून घेतला होता, आणि कपाळावरचा व्रण एकाच्याही चित्रात राहिला नव्हता. म्हणून त्या चित्रकाराचे चरित्र येथे थोडक्यात सांगतो.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी हॉलंडमधील झुंडर्ट या खेड्यात झाला. त्याचे वडील प्रॉटेस्टंट मंडळीचे पाळक होते. वयाच्या १६ व्या वर्षी तो चित्रांच्या एका व्यापारी पेढीत नोकरीस लागला. परंतु १८७६ मध्ये ती नोकरी गेली. नंतर इंग्लंडात त्याने काही काळ शिक्षकाचे काम केले. पुढे पाळक होण्याच्या इच्छेने अ‍ॅमस्टरडॅम येथे अभ्यास आरंभिला, पण तोही अर्धवटच राहिला.

१८७८ च्या डिसेंबरात तो बेल्जियममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या मुलखात शुभवर्तमानाची सेवा करण्यास गेला. तो मुलूख कसा असेल, हे चंद्रपूर जिल्ह्यातील मुलांस निराळे सांगावयास नको. त्याच दशकात आपल्या वरोऱ्यासही कोळशाची खाण चालू होती. आणि बल्लारपूर व घुग्गुस येथील मुलांनी खाणीतून पाळी संपवून परतणारी माणसे रोज पाहिली आहेत. व्हिन्सेंट स्वतः सुमारे ७०० मीटर खोल खाणीत उतरला. अंगावरचे चांगले कपडे त्याने गरिबांस दिले आणि आपण झोपडीत गवतावर निजू लागला. हे वर्तन उपदेशकाच्या पदास शोभत नाही, असे त्याच्या वरिष्ठांस वाटले, व १८७९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. ज्या सेवेसाठी त्याने सर्व काही दिले, तिचेच दार त्याला बंद झाले.

या अपयशानंतर, १८८० मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी त्याने चित्रकार होण्याचा निश्चय केला. त्याचा धाकटा भाऊ थिओ त्याच्या खर्चाचा भार वाहत असे. कष्टकऱ्यांचा विसर व्हिन्सेंटला कधी पडला नाही. १८८५ मध्ये त्याने दिव्याच्या मंद उजेडात बटाटे खात बसलेल्या शेतकरी कुटुंबाचे चित्र काढले. ते राकट हात आणि दमलेले चेहरे त्याने जसेच्या तसे ठेविले.

१८८६ मध्ये तो पॅरिसला आला. चित्रासाठी समोर बसणाऱ्या माणसास द्यावयास पैसे नव्हते. तेव्हा त्याने एक आरसा घेतला आणि तो स्वतःच स्वतःपुढे बसला. पॅरिसमधील दोन वर्षांत त्याने आपली पंचवीसहून अधिक चित्रे काढली. आरंभीच्या चित्रांत रेम्ब्रांटसारख्या जुन्या डच चित्रकारांचा गडद तपकिरी रंग आहे. पुढे सरा व सिन्याक यांची ठिपक्यांची रीत पाहून त्याचे रंग उजळले, आणि जपानी ठशांच्या चित्रांपासून तो ठळक रेषा व सपाट रंग शिकला. अशा रीतीने त्याने अनेकांपासून विद्या घेतली. पण खोल गेलेले गाल, तांबूस दाढी आणि थकलेले डोळे मात्र त्याने कोणाकडून उसने घेतले नाहीत व लपविलेही नाहीत.

१८८८ मध्ये तो दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे गेला. तेथे त्यास मनाचा विकार जडला, व त्या भरात डिसेंबरात त्याने स्वतःचा डावा कान कापून घेतला. जानेवारी १८८९ मध्ये, जखम ओली असतानाच, त्याने पट्टी बांधलेले आपले मुख रंगविले. चित्रात पट्टी उजव्या बाजूस दिसते, कारण तो आरशात पाहून काढीत होता. पुढे रुग्णालयात राहूनही त्याने काम सोडले नाही. १८९० मध्ये देलाक्रवा या चित्रकाराच्या चित्रावरून त्याने चांगल्या शोमरोन्याचे चित्र रंगविले. अखेर त्या व्याधीनेच त्याचा बळी घेतला. २९ जुलै १८९० रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो निवर्तला. दहा वर्षांत त्याने ८५० च्या आसपास तैलचित्रे काढली होती. पुढल्याच वर्षी थिओही वारला. परंतु थिओची पत्नी योहाना हिने ती चित्रे जपली आणि १९१४ मध्ये दोघा भावांचा पत्रव्यवहार छापून काढिला. त्याची कीर्ती जगभर पसरली ती अशी.

विद्यार्थी मित्रहो, संगणकावर एका बोटाने गाल गुळगुळीत होतो, वर्ण गोरा होतो, व्रण नाहीसा होतो. यंत्राचा यात दोष नाही. व्हिन्सेंटच्या हातीही रंग होते, आणि त्याच्या मनात असते तर त्यानेही आपल्या गालांवर लाली चढविली असती. हे चरित्र वर्गात सांगून झाल्यावर गडचिरोलीकडील एका मुलाने काही न बोलता आपले चित्र पुन्हा उघडले, उजळ केलेला थर काढून टाकला, आणि आपला सावळा रंग मिसळावयास बसला. तो रंग त्यास लवकर साधेना. तांबडा, निळा, पिवळा असे कितीतरी छटांचे प्रयोग त्याने केले. तास संपला तरी तो उठला नाही. पालकांनी ही चित्रे घरी पाहताना मूल त्यात गोरे का दिसत नाही, असे कृपा करून विचारू नये. परमेश्वराने दिलेले मुख नीट न्याहाळण्यास ते नुकतेच शिकू लागले आहे.